खालचा उजवीकडचा दात

ते साल एकोणीसशे चौसष्ट. लग्नाला दीड वर्ष झालं होतं आणि त्यातले जेमतेम पाच महिने आम्ही एका छपराखाली काढले होते. बाकीचे दिवस हे पाण्यावर आणि मी बंदरामागच्या गल्लीत, तिसऱ्या मजल्यावरच्या एका खोलीत. खोलीला खिडकी एकच, आणि तिच्यातून समुद्र दिसत नसे. दिसायची ती दोरखंडांच्या गोदामाची भिंत. शेजारीण म्हणायची, "बरंच आहे गं. रोज समुद्र दिसला असता तर रोज रडली असतीस."

हे नौदलात साधे खलाशी होते. नवरा काय करतो असं कुणी विचारलं की मी आधी मोठ्या तोऱ्यात सांगायची, लढतात म्हणून. एकदा ह्यांच्यासमोरच सांगितलं, तर पाहुणे गेल्यावर हे हसत सुटले. म्हणाले, "लढतो कसला? घासतो."

आणि ते खरंच होतं. पहाटे साडेपाचला शिट्टी. खाऱ्या पाण्याने डेक धुवायचा, मग पितळ घासायचं, मग हातोडीने गंज खरवडायचा आणि खरवडलेल्या जागी रंग लावायचा. नाकापासून रंगवत शेपटापर्यंत पोचावं, तोवर नाकाला पुन्हा गंज चढलेला. अंघोळीला गोडं पाणी दोन मग, बाकी खारं, त्यात साबणाला फेस नाही. शिवाय प्रत्येकाला चोवीस तासांत चार-चार तासांच्या दोन पाळ्या. पाळी म्हणजे कुठे तरी उभं राहून पाहणं, नाही तर सुकाणू धरणं, नाही तर टेलिफोनपाशी बसणं. मधले आठ तास म्हणायला मोकळे, पण ते दिवसा आले की घासणं होतंच. त्यामुळे जहाजावर खरी चैन एकच, झोप. हे म्हणायचे, "आमच्याकडे पैशाचं पाकीट उघडं टाकून जा, कुणी शिवणार नाही. झोप मात्र उशीखालून चोरून नेतील."

जहाजावरच्यांच्या घरच्यांना वर्षातून एकदा दुपारभर जहाज दाखवायला नेत. त्या वर्षी मीही गेले. मला पाचवा महिना होता. लोखंडी शिड्या इतक्या उभ्या की मी प्रत्येक पायरीवर थांबत होते, आणि खालून एक ताडमाड माणूस हात पसरून उभा. "सावकाश, वहिनी. पडलात तर माझ्यावर पडा, मी लांबलचक आहे, कुठे ना कुठे झेलीनच."

हा लंबू. त्याच्या शेजारी गोल चेहऱ्याचा, कडक मिशांचा, अर्धे डोळे मिटलेला एक जण. तो बोका. दोरीच्या वेटोळ्यावर, रंगाच्या डब्यांवर, एकदा तर म्हणे शिडीला टेकून उभ्या उभ्या झोपलेला सापडला होता, म्हणून बोका. ह्यांच्या पत्रांतून दोघं मला ठाऊक होते.

"वहिनी," बोका म्हणाला, "माझ्या आईला वाटतं मी देश राखतो. ती भेटलीच तर सांगू नका हं, मी रंगारी आहे म्हणून."

"रंगारी तरी कुठला?" लंबू म्हणाला. "ब्रश हातात धरून झोपतो. त्याच्या हातून रंगलेली एकच वस्तू आहे, त्याची पँट."

त्यांनी मला त्यांची झोपायची जागा दाखवली. लोखंडी नळ्यांचे तीन मजली बंक, एकावर एक, मध्ये एवढीच जागा की उठून बसलं तर डोकं आपटेल. सगळ्यात वर हे. मधला बोक्याचा. लंबू समोरच्या रांगेत, पाय दुमडून. वास रंगाचा, तेलाचा आणि मोज्यांचा. मी नाकाला पदर लावला.

एका बंकाच्या उशाकडच्या नळीला टॉवेल गाठ मारून बांधला होता. मी म्हटलं, "वाळत घालायला दुसरी जागा नाही का?"

तिघंही हसले.

"वाळत नाही घातला, वहिनी. ती चिठ्ठी आहे," बोका म्हणाला. "ज्याची पहाटपाळी, म्हणजे चारची, त्याने रात्री निजताना टॉवेल बांधायचा. आधीच्या पाळीवाला येतो, टॉवेल दिसला की पाय हलवतो, 'पाळी' म्हणतो आणि निघून जातो. अंधारात नावं कोण वाचणार? आणि चुकून भलत्याला उठवलं तर मार खावा लागतो."

"नियम तसा नाही," हे म्हणाले. "उठवताना नाव विचारायचं, वहीत सही घ्यायची."

"आणि सही आम्ही सगळे सकाळी चहा पिताना एकदम करतो," लंबू म्हणाला. "ओला टॉवेल नळीवर टाकायचा नाही, एवढा एकच नियम आम्ही देवासारखा पाळतो. ओला टॉवेल तिकडे, इंजिनाच्या वरच्या खोलीत. तीन शिड्या उतरून."

ह्यांच्या टॉवेलाच्या कोपऱ्याला मी इस्त्रीने पाडलेला तपकिरी डाग होता. त्यावरून लंबूने चेष्टा केली, की अख्ख्या जहाजात ह्याचा टॉवेल डोळे मिटून ओळखता येतो. मला लाज वाटली. मी पिशवीतून नवा टॉवेल काढून ह्यांच्या हातात दिला. पांढराशुभ्र, कडेला निळी शिलाई, मी घातलेली. बोका म्हणाला, "अरे बापरे. हा बांधलास तर काळा होईल. ह्याला देव्हाऱ्यात ठेव."

त्यानंतर सहा दिवसांनी जहाज गेलं. परत आलं ते तीन आठवड्यांनी. हे घरी आले, बूटही न काढता पलंगाच्या कडेला बसले, आणि भरदुपारी, दार लावून, मला सगळं सांगितलं. मधे मी एकदाच उठले, दूध उतू जात होतं म्हणून.

निघाल्यापासूनचा नववा दिवस होता. बोक्याचा टॉवेल आदल्या दिवशी कठड्यावर टाकलेला वाऱ्याने समुद्रात गेला होता. ह्यांनी त्याला आपला जुना, डागाचा, वापरायला दिला. संध्याकाळी अंघोळ करून आला आणि तीन शिड्या उतरण्याचा कंटाळा म्हणून त्याने तो ओला टॉवेल आपल्याच बंकाच्या नळीला गुंडाळून ठेवला. त्या दिवशी पहाटपाळी ह्यांची होती. ह्यांच्याजवळ मी दिलेला नवा टॉवेल होता. तो नळीला बांधायचं ह्यांच्या जिवावर आलं, कारण नळीला ग्रीस होतं. एखादा जुना सदरा बांधू असं म्हणत पडले, आणि पडल्या पडल्या डोळा लागला.

मध्यरात्रीची पाळी लंबूची होती. जहाजाच्या अगदी शेपटाला एकट्याने उभं राहायची पाळी. कुणी समुद्रात पडलं तर दिसावं, म्हणून तिथे माणूस ठेवतात. तो दर अर्ध्या तासाने फोन करतो, मागे सगळं ठीक म्हणून सांगतो. लंबू पावणेचारला उठवायला खाली आला. अंधुक दिव्यात त्याला टॉवेल दिसला, डाग दिसला; बंक कुणाचा ते त्याने पाहिलं नाही. त्याने पाय हलवला, पाळी म्हणाला आणि परत मागे गेला. उठला तो बोका. त्याला वाटलं असावं, यादी बदलली असेल. कुरकुर न करता त्याने जाड कोट चढवला, टोपी ओढली आणि शेपटाकडे गेला. आवाजावरून लंबूने त्याला ओळखलं, पण त्याला वाटलं की दोघांनी आपापसांत पाळी बदलली. तसं सगळेच करत.

साडेचारला बोक्याचा फोन आला. मागे सगळं ठीक. पाचला आला नाही.

समुद्र फार खवळलेला नव्हता. एखादी आडवी लाट आली असेल. ज्याच्यावर पडणाऱ्याला पाहायचं काम होतं, तोच पडला, आणि त्याला पाहायला मागे कुणीच नव्हतं.

घंटा झाली, सगळे धावत वर आले. यादीत त्या जागेवर ह्यांचं नाव होतं. अधिकाऱ्यांनी ते मोठ्याने पुकारलं, समुद्रात गेलेला माणूस म्हणून. आणि हे अनवाणी, रांगेत उभे. हे म्हणाले, "हजर." त्या एका शब्दावर अख्खा डेक वळून ह्यांच्याकडे बघू लागला.

जहाज वळवलं. अंधार पडेपर्यंत शोधलं. टोपी मिळाली.

चौकशीत लंबूने त्याला वाटलं ते सांगितलं, दोघांनी पाळी बदलली होती. मग अधिकाऱ्यांनी ह्यांना विचारलं, "पाळी बदलली होती?" आणि हे म्हणाले, "होय."

"का म्हणालात?" मी विचारलं.

"तोंडातून गेलं. पाळीवर झोपून राहिला म्हणून तुरुंग असतो. आणि लंबूने नाव न विचारता उठवलं, त्यालाही. एका शब्दात दोघं सुटलो." मग बुटांकडे बघत म्हणाले, "उद्या जाऊन खरं सांगतो."

मी तेव्हा बावीस वर्षांची होते, पोट पुढे आलेलं, माहेरी सावत्र आई. मी म्हटलं, "तुम्ही मुद्दाम झोपलात का?"

"नाही."

"मग?"

"मग तो मुद्दाम मेला का?"

मी त्यांचा हात धरून पोटावर ठेवला. बायकांना काही गोष्टी शिकवाव्या लागत नाहीत. दुसऱ्या दिवशी ते गेले नाहीत. तिसऱ्या दिवशीही नाहीत.

पाचव्या आठवड्यात दारावर थाप पडली. उंबऱ्यात एक बारीक, ताठ बाई, डोळ्यांखाली काळं, बोटांच्या टोकांना सुईने पडलेले घट्टे. म्हणाली, "मी बोक्याची आई." तिलाही मुलाचं जहाजावरचं नाव माहीत होतं, आणि तिने ते असं उच्चारलं की जणू बारशाला तेच ठेवलं होतं. ती शर्टांच्या एका कारखान्यात काजं करायची. नवरा लवकर गेलेला, एकुलता एक मुलगा. एक रात्र आणि अर्धा दिवस प्रवास करून आली होती.

हे घरीच होते. उठून उभे राहिले, बसा म्हणायचं विसरले. मीच तिला खुर्ची दिली, चहा ठेवला. तिने पिशवीतून एक कागद काढला आणि मांडीवर सरळ केला. कचेरीतून आलेला. त्यात लिहिलं होतं की मृताने स्वखुशीने व विनापरवानगी दुसऱ्याची पाळी केली.

"हे विनापरवानगी काय असतं रे?" तिने ह्यांना विचारलं. "माझ्या पोराने नियम मोडला, असंच ना?"

"नाही, मावशी," हे म्हणाले.

"बरं, ते राहू दे. मला दुसरंच विचारायचंय. मी येताना सगळी रात्र तेच मनात घोळवत आले." ती पुढे झुकली. "तो जेवण देईल, अंगातला सदरा काढून देईल. झोप नाही द्यायचा. शाळेत असताना घराला आग लागली होती शेजारच्या, तेव्हा मी त्याला गादीसकट ओढत बाहेर आणलं, तरी उठला नाही. असा माणूस पहाटे चारला उठून दुसऱ्याची पाळी करायला का जाईल? मला पटत नाही. तू त्याचा मित्र. तू सांग."

ह्यांचे ओठ हलले. मी पाहत होते. आता सांगतात, मला कळलं. पोटात मुलीने लाथ मारली. आणि मी स्टोव्हकडे वळून, पाठ त्यांच्याकडे करून बोलले, "त्याचा दात दुखत होता, मावशी."

मी चहात साखर टाकली.

"रात्रभर तळमळत होता म्हणे," मी पुढे बोलले. एकदा जीभ सुटली की ती आपलं आपण रचत जाते. "झोप येतच नव्हती, म्हणून ह्यांना म्हणाला, तू नीज, मी तसाही जागाच आहे."

ती माझ्याकडे वळली. "कुठला दात?"

"खालचा. उजवीकडचा."

मी का तसं म्हटलं, देव जाणे. डावीकडचा म्हटलं असतं तर कदाचित तिने मला तिथेच पकडलं असतं. पण तिचा चेहरा एकदम सैल झाला, आणि तिने डोळे मिटले. "तोच. तोच तो. आठ वर्षांचा असताना किडला होता. गोड खाऊन झोपायचा. मी म्हणायची काढून टाकू, तर भ्यायचा." मग ती रडली. आल्यापासून पहिल्यांदाच. "मला लिहिलं नाही त्याने. एक अक्षर नाही लिहिलं."

जाताना तिने माझ्या पोटावर हात ठेवला आणि सुखरूप सुटशील असं म्हणाली. जिन्यावरून तिची पावलं उतरत गेली, तोवर हे तसेच उभे. मग त्यांनी तिचा न प्यालेला चहा मोरीत ओतला, कप विसळला, फडताळात ठेवला. माझ्याशी चार दिवस बोलले नाहीत.

मला वाटलं, झाकली मूठ. म्हातारीला कारण मिळालं, ह्यांची नोकरी राहिली, लंबू वाचला. कुणाचं काय बिघडलं?

तिची पत्रं यायला लागली. दोन-तीन महिन्यांनी एक कार्ड, बारीक सरळ अक्षर, टाके घातल्यासारखं. मुलगी झाल्याचं मी कळवलं, तिने आशीर्वाद लिहिला आणि खाली, पोरीचे दात सांभाळ. पुढच्या प्रत्येक कार्डाच्या शेवटी तेच. मग त्यात आणखी काही यायला लागलं. जहाजावर दाताचा डॉक्टर असतो का? नसला तर साधा डॉक्टर तरी? त्याने बघितलं होतं का? मग तिने कचेरीला लिहिलं. कचेरीने उत्तर दिलं, मृताने दातदुखीची कुठलीही तक्रार नोंदवलेली नाही. तिने पुन्हा लिहिलं. माझं पोर दुखत असताना कुणी विचारलं नाही, असं लिहिलं. एका कार्डात होतं, "रात्री माझ्याच जबड्यात कळ येते. कशी सोसली असेल त्याने, तेही थंड वाऱ्यात उभं राहून."

हे ती कार्डं वाचत आणि परत माझ्या हातात देत. रागावत नसत. रागावले असते तर मला भांडता तरी आलं असतं. सुट्टीवर घरी असले तरी साडेतीनला उठून बसत, अंधारात, गुडघ्यावर हात ठेवून. मी झोपेचं सोंग घ्यायची.

लंबू दोनदा येऊन गेला. पहिल्यासारखा मस्करी करायला बघायचा. मुलीला खांद्यावर बसवून म्हणायचा, "इथून तुला तुझं लग्न दिसेल." दुसऱ्या वेळी ह्यांनी त्याला खरं सांगितलं, की बदलाबदली झालीच नव्हती, तू चुकीच्या माणसाला उठवलंस. तो मुलीला खाली ठेवून म्हणाला, "मला हे का सांगितलंस?" पुन्हा तो आला नाही.

नऊ वर्षं गेली. त्र्याहत्तर साली ह्यांची मुदत भरली, निरोप झाला. त्याच आठवड्यात कार्ड आलं. तिने लिहिलं होतं की त्या वेळच्या जहाजावरच्या डॉक्टरांचा पत्ता तिने मिळवला आहे. ते आता निवृत्त आहेत, गावी दवाखाना चालवतात. ती त्यांच्या दारात जाऊन बसणार आहे, आणि सगळ्या गावासमोर विचारणार आहे की माझ्या पोराचा दात का पाहिला नाही.

ह्यांनी कार्ड वाचलं, टेबलावर ठेवलं. "त्या डॉक्टरांनी मला एकदा विषमज्वरातून काढलंय," म्हणाले. "आता बस्स. पिशवी भर."

"मीही येते," मी म्हटलं.

"तू तर यायलाच हवं."

मुलीला शेजारणीकडे ठेवून आम्ही निघालो. अख्ख्या प्रवासात आमचं बोलणं पाच-सहा वाक्यांचं झालं असेल. कारखान्याची एक लांब खोली होती, काचेचं छप्पर, दोन्ही बाजूंना बाकांवर बायका, मध्ये शर्टांचे ढीग. ती कोपऱ्यात बसली होती. आम्हाला पाहून तिचा चेहरा उजळला. "अगंबाई! पोरीला नाही आणलं?"

हे बसले नाहीत. उभ्यानेच सगळं सांगितलं. टॉवेल, ग्रीस, पडल्या पडल्या लागलेला डोळा, हजर, होय. एकही शब्द मऊ केला नाही, एकही वगळला नाही. ती ऐकत होती आणि तिचा हात चालू होता. अर्धं झालेलं काज तिने पुरं केलं, गाठ मारली, दोरा दाताने तोडला. मग शर्ट बाजूला ठेवला.

"म्हणजे दात दुखत नव्हता?"

"नाही, मावशी. दात ठणठणीत होता."

"त्या रात्री झोप लागली होती त्याला?"

"गाढ. घोरत होता. मी वरून एकदा उशी मारली होती."

"घोरायचाच," ती म्हणाली, आणि तिच्या तोंडावर क्षणभर हसू आलं. तेवढं एक हसू त्या नऊ वर्षांत आम्ही तिला दिलं. मग ते गेलं, आणि तिने माझ्याकडे पाहिलं.

"नऊ वर्षं तू माझ्या लेकाला कळा दिल्यास, बाई. तो मरून गेला होता, त्याला काही दुखत नव्हतं. तू दुखवलंस."

मी म्हटलं, "मावशी, मला तेव्हा..."

"तुझ्या पोटात पोर होतं, म्हणून मी विश्वास ठेवला. पोटुशी बाई खोटं बोलत नाही, असं वाटायचं मला. एवढी वर्षं बायकांत काढली आणि तेवढंही कळलं नाही." तिचा आवाज चढला नाही. शेजारच्या बाकावरच्या बायका खाली माना घालून टाके घालत होत्या, सगळं ऐकत होत्या. "हा झोपला. झोप कुणाला लागत नाही? माझ्याच पोराने टॉवेल टाकला आळसाने. त्याबद्दल मला काही म्हणायचं नाही. तू जागी होतीस."

मग तिने ह्यांच्यापुढे कागद सरकवला. मापं लिहायचा, मागची बाजू कोरी. "लिहून दे सगळं. विनापरवानगी शब्द पुसायला लाव."

ह्यांनी बाकाच्या कोपऱ्यावर कागद ठेवून लिहिलं. लंबूचं नाव आलं तिथे पेन थांबलं. तो अजून नोकरीत होता. तिने ते ओळखलं. "त्याचं नाव नको लिहायचं तर खरं अर्धं राहील. तुझं तू बघ."

ह्यांनी लिहिलं.

तिने कागद दोनदा वाचला, घडी घालून पोटाशी खोचला आणि ढिगातून दुसरा शर्ट ओढला. "जा आता. संध्याकाळपर्यंत दोन डझन द्यायचेत."

आम्ही दारापर्यंत गेलो. मला वाटत होतं ती हाक मारील. रागाने मारली असती तरी चाललं असतं.

पुढचं थोडक्यात सांगते. कचेरीने चौदा महिने घेतले. ह्यांच्या सेवापुस्तकात पाळीवर गैरहजर असा शेरा पडला, आणि बोक्याच्या कागदावरची ओळ खोडून तिथे लिहिलं गेलं, कर्तव्यावर असताना मृत्यू. त्याची नक्कल आम्हालाही आली. डॉक्टरांच्या दारात ती गेली नाही. ते सुखाने म्हातारे होऊन वारले, आपल्या नावावर काय बेतलं होतं ते त्यांना कधी कळलंही नाही.

लंबूची बढती गेली. त्याने नोकरी सोडली आणि मालट्रक चालवायला लागला. अठ्ठ्याण्णव साली हे गेले, तेव्हा लोकांच्या मागे एक पांढरं डोकं सगळ्यांच्या वर दिसत होतं. सगळे पांगल्यावर तो जवळ आला. म्हणाला, "वहिनी, वहीत सही घ्यायला हवी होती मी." एवढंच. चहालाही थांबला नाही. दोन वर्षांनी तोही गेल्याचं ऐकलं.

नौदलानंतर ह्यांनी एका शाळेत प्रयोगशाळा सांभाळली, चोवीस वर्षं. मुलं त्यांना फार मानत. शेवटच्या आजारात एक दिवस दुपारी तीन तास शांत झोपले, आणि जागे झाल्यावर इतके घाबरले की मला त्यांना धरून बसावं लागलं. जहाज केव्हाच मोडीत निघालं होतं.

मुलगी शिकली, बाहेर नोकरी केली, आता तीही निवृत्त झाली. तिला मी हे सगळं मागच्या वर्षी सांगितलं. ती म्हणाली, "बाबा इतके गप्प का असायचे, ते आत्ता कळलं." आणि उठून आत गेली.

बोक्याच्या आईची कार्डं त्या दिवसापासून बंद झाली. मी दरवर्षी तिला पत्र लिहीत राहिले. क्षमा मागायची म्हणून बसायची, आणि हवापाणी, मुलीची शाळा असं काहीबाही लिहून पाठवायची. एकही परत आलं नाही, एकाचंही उत्तर आलं नाही. एक्याऐंशी साली कारखान्यातल्या तिच्या शेजारणीने कळवलं की ती गेली, चार दिवसांच्या तापाने. माझी पत्रं ती वाचत होती का, ते मी त्या बाईला विचारलं. तिने लिहिलं, "घेत होती. पुढचं माहीत नाही."

मी ब्याऐंशीची आहे. मुलीकडे राहते. ऐकू कमी येतं, बाकी सगळं आठवतं.